काकू म्हणतात माया, मला दिसतं प्रेम : लेख देऊ की मागे घेऊ?

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी २८ वर्षांची आहे, जिल्ह्याच्या गावी बँकेत नोकरी, आईवडिलांसोबत राहते. गावात बायकांचा एक वाचनगट आहे, तिची आईही त्यात जाते. गेल्या महिन्यात डॅफ्नी ड्यू मोरियेची 'रिबेका' ही इंग्रजी कादंबरी होती (श्रीमंत विधुर मॅक्सिम डी विंटर एका साध्या मुलीशी लग्न करून तिला मँडर्ली या आपल्या वाड्यात आणतो, आणि तिथे सगळीकडे त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोची, रिबेकाची, सावली असते) आणि पुस्तकाबद्दल बोलायची पाळी हिची होती. बोलता बोलता ही म्हणाली की हाउसकीपर मिसेस डॅन्व्हर्सची तिच्या मेलेल्या मालकिणीवर नुसती निष्ठा नव्हती, रिबेकावर तिचं प्रेम होतं. त्यावर गटातल्या ज्येष्ठ काकू, निवृत्त शिक्षिका, फटकन म्हणाल्या, "दोन बायकांत जरा माया दिसली की तुम्हाला आजकाल तेच दिसतं. लेखिकेने कुठे लिहिलंय ते दाखव." हिला दाखवता आलं नाही. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली आई म्हणाली, "तुला बरं सुचतं असलं." आता गटाच्या वार्षिक अंकासाठी याच पुस्तकावर लेख द्यायचाय. हिला स्वतःला मुली आवडतात, आणि हे एका मैत्रिणीशिवाय कुणालाही माहीत नाही. तिचे प्रश्न : मला दिसलं ते पुस्तकात खरंच आहे, का मी माझंच त्यात घालतेय? लेख दिला तर लोकांना माझ्याबद्दल कळेल का? आणि अगदी शेवटी एक ओळ : "बाकी घरी स्थळं बघणं चालू आहे, ते चालायचंच."

अगं, आधी काकूंचा प्रश्न घेऊ, कारण तू सगळ्यात जास्त त्यानेच गार झालेली दिसतेस. "लेखिकेने कुठे लिहिलंय ते दाखव." ऐकायला अगदी रास्त. पण हाच प्रश्न मॅक्सिमबद्दल विचारून बघ बरं. तो नाश्त्याच्या टेबलावर त्या मुलीला लग्नाचं विचारतो, तेही वेडे म्हणून, आणि नंतर तिलाच जाणवतं की अरे, हा प्रेमाबद्दल तर चकार शब्द बोलला नाही. मँडर्लीला येऊन राहिल्यावरही बोलत नाही. बोलतो कधी, तर पहिल्या बायकोला आपण गोळी घातली हे कबूल करताना. म्हणजे अर्ध्याहून जास्त कादंबरी संपेपर्यंत नवऱ्याचं बायकोवर प्रेम आहे याचा कागदोपत्री पुरावा शून्य. तुमच्या गटात कुणी म्हणालं का, कुठे लिहिलंय दाखवा म्हणून? नाही ना? लग्न झालंय म्हणजे प्रेम असणारच, हे आपण सगळे पदरचं घालून वाचतो आणि त्याला कुणी पदरचं म्हणत नाही. पुरावा मागायचा तो फक्त दोन बायकांच्या बाबतीत. तर पहिली गोष्ट, तू काहीतरी जास्तीचं मागतेयस हा जो तुझा समज झालाय ना, तो जरा बाजूला ठेव.

आता दाखवायचंच म्हणशील तर दाखवता येतं. तुला त्या दिवशी आठवलं नाही इतकंच, दहा बायका आपल्याकडे बघत असताना कुणालाच आठवत नाही. पश्चिमेकडच्या भागातली ती रिबेकाची बेडरूम. नवी बायको चोरासारखी तिथे शिरते तर खोली बंद पडलेली वगैरे अजिबात नाही, फुलं ताजी, पलंग नीट घातलेला, धुळीचा कण नाही. मग मागून डॅन्व्हर्स येते आणि न विचारता दाखवायला लागते, ही खोली मी रोज स्वतः झाडते, दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. मग तो नाइटड्रेस काढते. घ्या हातात, बघा किती तलम, आणि तो शेवटचा घातला त्यानंतर धुतलेलाच नाहीये. कपाटातले फरचे कोट. सपाता, त्यांच्यात हात घालून बघा म्हणते! केस कसे विंचरायची ते सांगते. आता हे सगळं एक नोकर नव्या मालकिणीला सांगतेय आणि ती मालकीण घाबरून ऐकतेय. पुढे तो फॅवेल, रिबेकाचा चुलतभाऊ आणि यार, त्याच्या तोंडावर डॅन्व्हर्स सांगते की तिचं तुझ्यावर प्रेम नव्हतं, डी विंटरवरही नव्हतं, कुणावरच नव्हतं, सगळ्या पुरुषांना ती तुच्छ लेखायची, तुम्हा सगळ्यांना हसायची. हे सांगताना डॅन्व्हर्सला जो आनंद होतो तो बघ. काकूंना ही दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखव, बाकी काही बोलायची गरज नाही.

पण थांब, काकूंचं सगळंच टाकून देऊ नकोस. त्यांच्या म्हणण्याला कादंबरीतच आधार आहे. डॅन्व्हर्सने रिबेकाला लहानपणापासून सांभाळलेलं आहे, रिबेका लग्न होऊन आली तेव्हा ही तिच्यासोबत आली. म्हणजे 'ही आईची माया आहे' हे वाचन काही ओढूनताणून आणलेलं नाही, ते पानावर आहे. आणि दुसरं, रिबेकाकडून डॅन्व्हर्सला काय होतं हे लेखिकेने कुठेच दिलेलं नाही. आपल्याला रिबेका दिसते ती दुसऱ्यांच्या तोंडून, आणि डॅन्व्हर्स तर स्वतःच सांगतेय की तिचं कुणावरच प्रेम नव्हतं. तेव्हा तू जर म्हणाली असतीस की 'त्या दोघींचं अफेअर होतं' तर मी काकूंच्या बाजूला जाऊन बसले असते. तू म्हणालीस की डॅन्व्हर्सचं प्रेम होतं. ते टिकतं. एकतर्फी, वेडं, भीती वाटावी इतकं, पण टिकतं. लेखात हा फरक स्पष्ट लिही, कारण समोरचा माणूस नेमका तिथेच पकडतो आणि मग एका शब्दासाठी अख्खं म्हणणं जातं.

मग लेखिकेने सरळ का नाही लिहिलं? याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्हा होते, बायकांमधले नव्हते. १९२१ मध्ये तेही गुन्ह्यात घालावेत असा प्रस्ताव पार्लमेंटमध्ये आला आणि लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहाने, तो फेटाळला. का, तर दया म्हणून नाही. लॉर्ड बर्कनहेड म्हणाले की हजारातल्या ९९९ बायकांनी अशा गोष्टीची कुजबुजसुद्धा ऐकलेली नाही. म्हणजे कायदा केला तर उगाच त्यांना कळेल! मला हा प्रसंग फार आवडतो, कारण बंदी घालण्यापेक्षा विषयच काढायचा नाही हे जास्त सोयीचं आहे हे त्या लोकांना पक्कं कळलेलं होतं. (तुझ्या काकूंनाही कळलेलं असावं.)

मग १९२८ साल. रॅडक्लिफ हॉलची 'द वेल ऑफ लोनलीनेस' आली, एका बाईचं बाईवरचं प्रेम उघडपणे सांगणारी. त्यात सगळ्यात धीट वाक्य कोणतं, तर त्या रात्री त्या दोघी वेगळ्या झाल्या नाहीत, एवढंच. एका संपादकाने लिहिलं की धडधाकट पोराच्या किंवा पोरीच्या हातात हे पुस्तक देण्यापेक्षा मी विषाची बाटली देईन. लंडनच्या कोर्टात केस झाली, व्हर्जिनिया वूल्फसकट बरेच लेखक साक्ष द्यायला तयार होते, मॅजिस्ट्रेट सर चार्ट्रेस बायरननी त्यांचं ऐकूनच घेतलं नाही आणि प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. आणि गंमत बघ, त्याच साली, त्याच शहरात वूल्फचं 'ऑरलँडो' आलं, तिची प्रेयसी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिला अर्पण केलेलं आणि तिच्यावरच बेतलेलं, त्यातलं मुख्य पात्र शेकडो वर्षं जगतं आणि मध्येच पुरुषाची बाई होतं. ते बिनबोभाट विकलं गेलं, गाजलंसुद्धा. सरळ लिहिणारीचं पुस्तक गेलं, आडून लिहिणारीचं राहिलं. ड्यू मोरिये तेव्हा २१ वर्षांची होती, दहा वर्षांनी १९३८ मध्ये तिची 'रिबेका' आली. त्या काळात इंग्लंडमध्ये लिहिणाऱ्या बाईला कुठे थांबायचं हे कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

पण माझ्या मते तुझ्या बाजूचा सगळ्यात भारी साक्षीदार कादंबरीच्या बाहेर आहे. १९४० मध्ये हिचकॉकने यावर सिनेमा केला. त्याआधी हॉलीवूडच्या सेन्सॉरवाल्यांनी, म्हणजे जोसेफ ब्रीन नावाच्या गृहस्थांच्या ऑफिसने, स्क्रिप्ट वाचून लेखी हरकत घेतली की डॅन्व्हर्स आणि रिबेकाच्या नात्यात विकृतीचा वास येतोय, त्याची छटासुद्धा पडद्यावर राहता कामा नये. कळलं का तुला? १९३९ मध्ये, कोट-टाय घातलेल्या, असल्या गोष्टी हुडकून काढायलाच पगार घेणाऱ्या माणसाला ते दिसलं होतं. तेव्हा 'आजकालच्या पोरींना दिसतं' हे काही खरं नाही. त्याच सेन्सॉरचा नियम होता की खुनी सुटता कामा नये, म्हणून सिनेमात मॅक्सिमने खून केलेलाच नाही, रिबेका पडून मरते. आणि कादंबरीत डॅन्व्हर्स सामान बांधून निघून जाते, तिचं पुढे काय झालं कळत नाही, सिनेमात तिला शेवटी मँडर्लीला लागणाऱ्या आगीत जाळलीय. म्हणजे बायकोला गोळी घालणारा नवरा निर्दोष झाला आणि प्रेम करणारी बाई जळून मेली. लेखात एवढा एक परिच्छेद जरी नीट लिहिलास ना तरी काम झालं, त्यात तुला स्वतःचं मत म्हणून एक शब्दही घालावा लागणार नाही.

आणि आपल्याकडचं विसरू नकोस! 'कोहरा', १९६४, वहिदा रेहमान आणि बिस्वजीत. ही 'रिबेका'च आहे. त्यात डॅन्व्हर्सच्या जागी कोण, तर आपल्या ललिता पवार, आणि त्या झाल्यात दाई माँ. एका फटक्यात प्रश्न मिटला, प्रेम नाही, दूध पाजणाऱ्या बाईची माया. काकूंचं वाचन जे आहे तेच हिंदी सिनेमावाल्यांनी साठ वर्षांपूर्वी करून ठेवलंय. तुमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी 'कोहरा' पाहिलेला असणार, ललिता पवारांचा तो डोळा पाहिलेला असणार, तेव्हा तिथून सुरुवात केलीस तर सगळ्या जणी पहिल्या वाक्यापासून तुझ्यासोबत असतील.

आता "मी माझंच त्यात घालतेय का". तुझ्या मनात असं आहे की तुला मुली आवडतात म्हणून तुझं वाचन कमी भरवशाचं. मला हे उलटं वाटतं. ज्या घरात दारू पिणारा माणूस आहे तिथल्या मुलीला गोष्टीतली लपवलेली बाटली पहिल्या पानावर कळते, बाकीच्यांना शेवटी कळते. तिने बाटली गोष्टीत ठेवली असं आपण म्हणतो का? लपवून जगणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं लपवणं लवकर ओळखू येतं, बस. मात्र ओळखल्यावर पानावर परत जाऊन बघायचं, ते तुला कुणी माफ केलेलं नाही.

बघायचं म्हणजे काय, तर मी एक गोष्ट सांगते जी तुला आणि तुझ्यासारखं वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल, कुणी कॉलेजात पेपर लिहीत असेल त्यांना तर नक्कीच. गोष्ट सांगतंय कोण ते आधी बघ. 'रिबेका' सांगतेय ती दुसरी बायको, जिचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही, वयाने लहान, घाबरट, तिला डॅन्व्हर्सचं वागणं दिसतं पण समजत नाही. इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही उर्दू कथा घे, १९४२ची. बेगम जान आणि तिला मालिश करणारी रब्बो, आणि सांगतेय कोण, तर त्या खोलीत झोपायला ठेवलेली एक लहान मुलगी, जिला रात्री भिंतीवर फक्त रजईची हत्तीएवढी सावली हलताना दिसते. या गोष्टीवर अश्लीलतेचा खटला झाला, नोटीस मुंबईला घरी आली आणि चुगताई लाहोरच्या कोर्टात हजर झाल्या, आणि तिथे अश्लील शब्द नेमका कोणता हे कुणालाच बोट ठेवून दाखवता येईना. खटला बारगळला. म्हणजे काकूंनी जो प्रश्न तुला विचारला, 'कुठे लिहिलंय ते दाखव', तोच प्रश्न त्या कोर्टात लेखिकेच्या उपयोगी पडला बरं का! आणि मराठीत तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट', १९८१, रोहिणी हट्टंगडींनी केलेलं. तिथे काही लपवलेलं नाही, सुमित्राचं, म्हणजे सगळे जिला मित्रा म्हणतात तिचं, नमा या मुलीवर प्रेम आहे हे स्वच्छ सांगितलंय, तरी गोष्ट सांगतोय बापू, तिचा मित्र. तिन्ही ठिकाणी आत काय आहे ते आपल्याला बाहेर उभं असलेलं माणूस सांगतंय, कुणी न कळून, कुणी अर्धं कळून. दुसऱ्या गोष्टी वाचताना हे तपासून बघ. दरवेळी निघेलच असं नाही, भोळा निवेदक शंभर कारणांसाठी वापरतात. पण जिथे निवेदक बघतो आणि मान वळवतो, जिथे एखादी खोली, एखादा कपडा, एखादं पत्र याच्यावर लेखिका गरजेपेक्षा जास्त वेळ थांबते, तिथे आपणही थांबायचं.

एका बाबतीत मात्र हात राखून. लेखिकेच्या आयुष्यात शिरू नकोस. नेटवर तुला लगेच सापडेल की ड्यू मोरियेचं एलेन डबलडे नावाच्या बाईवर प्रेम होतं, आणि ते खरंही आहे, १९९३ मध्ये आलेल्या मार्गारेट फॉर्स्टरच्या चरित्रात त्यांची पत्रं आली. पण एलेन तिला भेटली १९४७ मध्ये, 'रिबेका' लिहून झाल्यावर नऊ वर्षांनी, त्यामुळे तो पुरावा म्हणून इथे लावता येत नाही. शिवाय स्वतःला कुणी लेस्बियन म्हटलेलं तिला अजिबात खपत नव्हतं, त्याच पत्रांत तिने त्यावर आग ओकलीय. तेव्हा डॅन्व्हर्सबद्दल बोल, ड्यू मोरियेबद्दल नको. मेलेल्या माणसाबद्दलही, त्याने स्वतः न लावलेली पाटी आपण लावताना दहादा विचार करावा.

तशी स्वतःच लिहून ठेवणाऱ्याही होत्या म्हणा. यॉर्कशरची अ‍ॅन लिस्टर, १७९१चा जन्म, लाखो शब्दांच्या डायऱ्या, त्यातला बायकांवरच्या प्रेमाचा भाग सांकेतिक लिपीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिच्या घराण्यातल्या जॉन लिस्टरने एका मित्राबरोबर ती लिपी सोडवली, मित्र म्हणाला जाळून टाक, याने जाळलं नाही, भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे लपवलं. त्या डायऱ्यांतला खरा मजकूर पुस्तक होऊन आला १९८८ मध्ये. 'पुरावा नाही' असं कुणी म्हणालं की मला ती भिंत आठवते.

आता एक विचारू? डॅन्व्हर्स तुझ्या बाजूची आहे असं तू धरून चाललीयेस का? कारण ती चांगली बाई नाहीये. पोरीला खिडकीशी उभी करून उडी मार म्हणते ती. लपवलेलं प्रेम सापडल्याच्या आनंदात आपण बऱ्याचदा हे बघत नाही की ते सापडलं कुणाजवळ, तर खलनायिकेजवळ, वेडीजवळ, शेवटी मरणारीजवळ. तेंडुलकरांची मित्राही शेवटी जीव देते. त्या काळच्या लेखकांना दुसरा शेवट सुचत नव्हता किंवा सोसत नव्हता, तो आपलं भविष्य म्हणून वाचायचा नाही. म्हणून तोंडाला दुसरी चव येऊ दे. पॅट्रिशिया हायस्मिथची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' मिळव, १९५२ची, टोपणनावाने छापलेली, स्वतःच्या नावाने तिने १९९० मध्ये 'कॅरल' म्हणून काढली. त्यातल्या दोघी मरत नाहीत, वेड्या होत नाहीत, एवढ्यावरच लोकांनी तिला ढिगाने पत्रं लिहिली होती. आणि लेखिका सुनीती नामजोशी. मुंबईचा जन्म, आजोळ फलटणच्या राजघराण्याचं, आयएएस सोडून परदेशी गेल्या, 'फेमिनिस्ट फेबल्स' आलं १९८१ मध्येच, 'मित्राची गोष्ट' आलं त्याच साली. आपल्याला बायका आवडतात हे त्यांनी लपवलं नाही. आईबरोबर बसून त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलंय, हे तुझ्या आईला सहज सांगण्यासारखं आहे. बाकी काही न सांगता.

बरं. तुझं पत्र मी वर सांगितलं तसंच वाचलं, कुठे जास्त थांबलीस आणि कुठून घाईने निघून गेलीस ते. डॅन्व्हर्सवर दोन पानं आहेत. स्थळांवर एक ओळ, तीही 'बाकी' म्हणून आणि शेवटी 'चालायचंच' म्हणून. मला वाटतं तुझा प्रश्न तिथे आहे. लेख अंकात आला नाही तर फार काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी येईल. पण ते 'चालायचंच' तसंच चालू राहिलं तर सहा महिन्यांत साखरपुडा होतो आणि मग त्यात एक दुसरा माणूस, त्याचं घर, सगळं येतं. तुला आज सगळ्यांना सगळं सांग असं मी मुळीच म्हणत नाहीये. तू त्या घरात राहतेस, तुझे आईवडील कसे आहेत हे तुला माहीत, मला नाही. पण 'आत्ता लग्न नको' हे सांगायला कारणांची यादी लागत नाही, एक वर्ष स्थळं थांबवा, मला प्रमोशनची परीक्षा द्यायचीय, इतकं खरं आणि इतकं पुरेसं आहे. पगार स्वतःच्या खात्यात, खात्याचे व्यवहार स्वतःच्या हातात, आणि निघावं लागलंच तर दुसऱ्या शहरात बदली मिळते का याची चौकशी, हे तू बँकेत आहेस तर तुला जास्त कळतं. कायद्याचंही माहीत असू दे, ६ सप्टेंबर २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. लग्नाची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारली, ती लढाई वेगळी. बोलायला माणूस हवं असेल तर मुंबईत लाबिया ही लेस्बियन, बायसेक्शुअल बायका आणि ट्रान्स व्यक्तींची संघटना आहे, १९९५ पासून, समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे या विषयावर मराठीतून बरीच वर्षं लिहितायत, आईवडिलांना कळेल अशा भाषेत. रात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आई. "तुला बरं सुचतं असलं" यावरून आईला संशय आला असं तू ठरवून टाकलंयस. असेलही. पण मैत्रिणींसमोर आपल्या लेकीला काकू टोकतात आणि आपल्याला काही बोलता आलं नाही, याचाही राग असा निघतो. तुझ्या आईने पुस्तक वाचलं होतं का, तिला डॅन्व्हर्सबद्दल काय वाटलं, हे तू विचारलंयस का कधी? विचार. स्कूटरवर नको, भाजी निवडताना वगैरे विचार. तिचं उत्तर काहीही आलं तरी तुला आजच्यापेक्षा जास्त माहिती असेल. आणि तिने उलट विचारलंच, की तुझं काय गं, तर खोटं बोलायची गरज नाही आणि खरं सांगायची घाईही नाही. "आई, मला यावर तुझ्याशी बोलायचंय, पण आत्ता नाही," हे वाक्य आधी पाठ करून ठेव. नाही म्हणून मोकळं झालं की पुढे ते 'नाही' परत घेणं फार जड जातं.

लेखाने तुझ्याबद्दल कळेल का? काकूंनी 'दाखव' म्हटलं आणि तू दाखवलंस, तर लोक पानाकडे बघतील. 'मला वाटतं, मला वाटतं' करत लिहिलंस तर तुझ्याकडे बघतील. म्हणून 'मी' कमीत कमी ठेव, बेडरूमचा प्रसंग, ब्रीनची हरकत, दोन शेवट, दाई माँ, हे ओळीने मांड, काकूंचं मायेचं वाचनही त्यांचं नाव न घेता पण मानाने दे, कारण ते खरंच एक वाचन आहे. तरीही कुणी काही बोलेल, शंका घेईल, ते तू थांबवू शकत नाहीस. ती शक्यता आत्ता झेपणारी नसेल, घरातलं वातावरण तसं असेल, तर या वर्षी दुसऱ्या पुस्तकावर लिही आणि हा लेख लिहून स्वतःजवळ ठेव, यात भित्रेपणा काही नाही. माझं मत विचारशील तर दे. पण आधी त्या एका मैत्रिणीला वाचायला दे, आणि ती वाचून गप्प बसली तर तिला कुठलं वाक्य खटकलं ते खोदून विचार.

अंकात किती शब्द देतात ते तू लिहिलं नाहीस. हजार असतील तर १९२१ आणि १९२८ दोन्ही काढून टाक, ते मी तुझ्यासाठी सांगितलं, अंकात कंटाळवाणं होईल. ललिता पवार मात्र ठेव, आणि पहिल्याच परिच्छेदात ठेव.